बेस गेला कुठे

४ मार्च, मंगळवार

बाबांनी आज जेवताना जाहीर केलं की स्पीकर देऊन टाकायचे. मीठ मागावं तशा आवाजात.

‘कुठले स्पीकर?’ मी विचारलं. जसे काही घरात दहा आहेत.

‘तेच. बेस गेलाय त्यांचा. नुसते खोके उरलेत.’

खोके म्हणजे माझ्या कमरेएवढे, लाकडी, समोर जाळीचं कापड. वयाने माझ्यापेक्षा मोठे. लहानपणी त्यांना हात लावायची बंदी होती, दादा म्हणायचं तेवढं बाकी होतं. आता स्पीकरवाला महिनाअखेरीला येऊन घेऊन जाणार म्हणे. बोलणंही झालंय.

‘तोवर मी बघू का?’

‘काय बघणार?’

‘बेस कुठे गेला ते.’

‘आधी नोकरी कुठे गेली ते बघ.’

नोकरी गेली नाही, मी सोडली. पण हा फरक या घरात फक्त आईला कळतो, आणि आई ताईकडे आहे, बाळाला सांभाळायला. त्यामुळे सध्या घरात बाबा, मी आणि दोन खोके. चौघांत बोलका कोण ते सांगणं अवघड आहे.

पण ‘नको’ म्हणाले नाहीत. बाबांच्या भाषेत याला परवानगी म्हणतात.

५ मार्च, बुधवार

सुरुवात प्रश्नापासून करावी. बाबांना विचारलं, बेस होता तेव्हा नक्की काय ऐकू यायचं?

बाबा सर्व्हेअर होते. जन्मभर रस्त्यांची आणि जमिनींची मापं घेतली. त्यांना ‘नक्की’ हा शब्द आवडतो. बराच विचार करून म्हणाले, ‘खोलीत काहीतरी हलायचं.’

‘काय हलायचं?’

‘टाचण्या. तुझ्या आईच्या डबीतल्या. ती डबल बेसची रेकॉर्ड लावली की डबीत थरथरायच्या. मग ती ओरडायची, अहो, कमी करा.’

‘आणि तुम्हाला काय ऐकू यायचं?’

‘तेच की. टाचण्या. आणि ती.’

‘आणि आता?’

‘आता काहीच नाही. झालं असेल वर्षभर.’

याला उत्तर म्हणायचं का? असो, लिहून ठेवलं. रेकॉर्ड लावून बघितली. बाबा त्यांच्या खुर्चीत, मी पायाशी. एक माणूस आपल्यापेक्षा उंच वाद्याला मिठी मारून वाजवतोय, पण ऐकू येतं ते फक्त बोटं तारेवर घासल्याचं. सुपात धान्य पाखडल्यासारखं. तक्रार खरी आहे.

७ मार्च, शुक्रवार

उघडले! आठ स्क्रू, त्यातला एक हट्टी. आत लोकरीसारखा भराव आणि एक मेलेलं झुरळ. शेवटची रेकॉर्ड कोणती ऐकून गेलं असेल बिचारं.

मोठ्या कागदी कोनाच्या कडेला स्पंजची गोल पट्टी असते. तिच्यामुळे कोन मोकळेपणाने मागेपुढे होतो आणि हवा ढकलतो. हवा ढकलली गेली तर बेस. आमची पट्टी बोट लावल्याबरोबर काळ्या चिकट भुग्यात कोसळली. दोन्हीकडे तेच. म्हणजे कोन नुसताच लोंबकळत होता. ज्याला धड उभं राहता येत नाही त्याने ढकलायचं कोणाला?

तीन दिवसांत गुन्हेगार सापडला. मी हुशार आहे, हे लोकांना उशिरा कळतं एवढंच.

८ मार्च, शनिवार

दोन्ही कोन चादरीत गुंडाळून स्पीकरवाल्याकडे. त्याच्या दुकानात चालायला वाट नाही, वायरींवरून टांगा टाकत जावं लागतं. तो एका वेळी तीन लोकांशी बोलतो, त्यातला एक फोनवर.

‘पट्ट्या बदलून देतो, पण खरं सांगू का? हे हत्ती आहेत. हत्ती घरात बांधून काय करायचंय? मला देऊन टाका, मी यांचं कल्याण करतो.’

‘आधी बेस येतोय का बघू.’

‘बेस नुसत्या पट्टीने येत नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. माझ्याकडे आहे.’

तुमच्याकडे काय नाही, असं म्हणणार होतो, पण कोन त्याच्या हातात होते.

११ मार्च, मंगळवार

नव्या पट्ट्या लागल्या. घरी आणून बसवलं, वायरी जोडल्या, रेकॉर्ड लावली. बाबा खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. निकालाच्या दिवशी मास्तरांकडे बघावं तसा.

‘आधी बरं होतं,’ बाबा म्हणाले, आणि भाजी चिरायला गेले.

आणि खरंच आधी बरं होतं! आता तर वाद्य खोलीत आहे की गच्चीवर तेही कळेना. आवाज सगळीकडून येतोय आणि कुठूनच येत नाहीये. बेस शून्याखाली. करायला गेलो काय न् झालं काय.

मी हे का करतोय? खरं कारण लिहितो, कोण वाचणार आहे. मी आजवर काही पूर्ण केलेलं नाही. एक कादंबरी चाळिसाव्या पानावर बसलीये, फ्रेंच ‘माझं नाव अमुक’ पर्यंत आलंय. ताई मला शास्त्रज्ञ म्हणते ते कौतुकाने नाही.

१२ मार्च, बुधवार

सापडलं. चूक माझीच, आणि इतकी बावळट की दोनदा हसलो.

एका खोक्यात मी दोन वायरी उलट जोडल्या. त्यामुळे एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढून घेतो. दोघांची मेहनत, बेरीज शून्य. तपासायची युक्ती मजेची आहे: साधा पेन्सिल सेल वायरींना टेकवायचा. एक कोन ‘टप्’ करून पुढे आला. दुसरा ‘टप्’ करून मागे. संसारात असं होतं म्हणतात, मला अनुभव नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी सेल हातात घेऊन स्वतः टप् टप् करून बघितलं. चार-पाच वेळा. मग मी बघतोय हे लक्षात आलं तसा सेल परत दिला.

वायरी सुलट केल्या. बोटांचा आवाज परत समोरून येऊ लागला. बेस? थोडा. ‘आहे म्हटलं तर आहे,’ बाबा म्हणाले. म्हणजे नाही.

१५ मार्च, शनिवार

आज फटी बुजवल्या. खोक्याला कुठे फट असेल तर हवा तिथून पळते. मेणबत्ती धरून खोक्याभोवती फिरलो. ज्योत जिथे हलली तिथे पुट्टी भरली. शेजारच्या काकू दारातून बघून गेल्या. आता बिल्डिंगमध्ये काय पसरेल देव जाणे.

सगळं घट्ट झालं. बेस तेवढाच.

मग म्हटलं, खोके भिंतीजवळ सरकवू, किंवा खुर्ची मागे घेऊ. आणि बाबा उठून उभे राहिले.

‘कशाला हात लावायचा नाही.’

खोलीत जमिनीवर तीन खुणा आहेत, पांढऱ्या ऑइल पेंटच्या. दोन खोक्यांच्या, एक खुर्चीची. माझ्या जन्माआधी बाबांनी टेप लावून काढल्या. दोन खोके आणि ऐकणारा यांचा त्रिकोण, तिन्ही बाजू सारख्या. वर खुर्ची अशी, की डावी-उजवी भिंत समान अंतरावर, पुढची-मागचीही समान. सुताइतकाही फरक नाही. पाहुणे आले आणि खुर्ची सरकली तर ते गेल्यावर बाबा आधी ती खुणेवर आणायचे, मग कपबशा उचलायचे.

‘ही खोलीतली सगळ्यात उत्तम जागा आहे,’ ते म्हणाले. ‘मोजलेली आहे.’

हत्यारांची पेटी मागच्या कोपऱ्यात ठेवली. तिथे आईचं शिलाई मशीन असायचं, फरशीवर अजून पायांचे चार डाग आहेत.

‘तिथे नको ठेवू,’ बाबा म्हणाले.

‘रिकामाच तर आहे.’

‘रिकामा राहू दे.’

खुर्चीखाली ठेवली. नियम फार आहेत या घरात.

१६ मार्च, रविवार

ताईला फोन केला, आईची साक्ष घ्यायला. खोलीत दुसरं कोण बसायचं इतकी वर्षं?

फोन ताईनेच उचलला. ‘काय शास्त्रज्ञ, कुठवर आलं?’

‘आईला दे. बाळाने सोडलं तर.’

‘बाळ? बाळ पाळणाघरात जातं रे सकाळपासून. तुला खरंच वाटतं आई बाळासाठी आलीये?’

‘मग कशासाठी?’

‘बोल तिच्याशीच,’ म्हणाली. ताई नेहमी असं अर्धवट बोलते, म्हणजे आपण विचारत बसावं. मी नाही विचारलं.

आई आली. म्हटलं, ‘आई, एक तांत्रिक प्रश्न. तू मशीनवर बसायचीस तेव्हा बेस ऐकू यायचा का?’



‘हे विचारणारा तू पहिलाच,’ आई म्हणाली.

‘म्हणजे यायचा?’

‘अरे, ऐकू कसला, पोटात यायचा! दात वाजायचे. सरळ शिवण घालता यायची नाही, सुई कुठे, मी कुठे. म्हणायचे, अहो कमी करा. तर म्हणायचे, आहेच किती? मला तर इथे काही लागत नाही. रोज तेच. इतकी वर्षं. शेवटी मलाच वाटायला लागलं, माझ्याच डोक्यात काहीतरी वाजतंय. कानाच्या डॉक्टरकडे नेलं मला. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत यांचे. तर जिना उतरताना तुझे बाबा काय म्हणतात? बघ, कान चांगले आहेत. म्हणजे मनाचे खेळ आहेत तुझे.’

‘मग?’

‘मग काय. मशीन उचललं न् आले.’

‘आणि टाचण्या?’

‘काय टाचण्या?’

‘डबीतल्या थरथरायच्या का?’

‘तू ना, अगदी बापावर गेलायस,’ आई म्हणाली आणि ताईला फोन दिला.

आईचं हे असंच, विचारावं एक तर गाडी तिसऱ्याच गावाला. पण कामाचा मुद्दा मिळाला. आई म्हणते बेस होता, बाबा म्हणायचे, आहेच किती. एकाच खोलीत, एकाच वेळी. दोघांपैकी एकजण चुकतोय. बाबा मोजून बोलतात, आई अंदाजाने.

१९ मार्च, बुधवार

काही नाही. दिवसभर खोक्यांकडे बघत बसलो. ते माझ्याकडे.

२१ मार्च, शुक्रवार

थांब. नीट लिहितो.

बाबा बँकेत गेले होते. मी फोन जोडून स्पीकरवर एकच खालचा सूर लावला. गाणं नाही, नुसता एक जाडजूड ‘हूं’, न थांबता. बाबांच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. जवळजवळ काहीच नाही, लांबून ट्रक गेल्यासारखं. तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला. दाराकडे गेलो, आणि दोन पावलांत तो सूर फुगला. दारापाशी छातीत शिरला. दूध घेऊन परत आलो, खुर्चीपाशी पुन्हा गायब.

पुढे गेलो, आला. मागे आलो, गेला. डावीकडे, उजवीकडे. दुधाची पिशवी हातात घेऊन खोलीभर फिरलो, वेड लागल्यासारखा. भिंतीकडे जाल तसा वाढतो. आणि मागच्या कोपऱ्यात, त्या चार डागांवर उभा राहिलो तर दाढेचं सिमेंट गुणगुणायला लागलं. पोटात कोणीतरी ढोल घेऊन बसल्यासारखं. तिथे उभंच राहवेना.

बेस कुठे गेलेलाच नाही! तो खोलीत आहे, खुर्चीवर नाही.

असं कसं, ते कळायला संध्याकाळ गेली. उत्तर बाथरूममध्ये मिळालं. कपडे धुवायचा लांबट टब अर्धा भरून उचलला तर पाणी हेलकावायला लागलं. या टोकाला चढतं तेव्हा त्या टोकाला उतरतं, मग उलट. दोन्ही टोकांना नुसता धिंगाणा. आणि बरोबर मध्यावर? मध्यावर पाणी वरही जात नाही, खालीही जात नाही. खोलीतली हवाही तशीच हेलकावते. खालचे सूर भिंतींना आणि कोपऱ्यांना चढतात, आणि खोलीचा जो अगदी बरोबर मध्य असतो तिथे ते पोचतच नाहीत.

बाबांनी टेप लावून, सुताचाही फरक न ठेवता, सगळ्या घरात बेस नसलेली एकमेव जागा शोधून काढली. आणि तिच्यावर पांढरी खूण केली!

इतकं हसू आलं की टब सांडला.

२२ मार्च, शनिवार

बाबांना दाखवलं. वाटलं होतं भांडतील. आधी टब दाखवला. बघत राहिले. म्हणाले, ‘परत हलव.’ मी परत हलवला. त्यांनी मध्यावर बोट धरलं. बोटाच्या पेरावर पाणी जिथल्या तिथे.

मग डबल बेसची रेकॉर्ड लावली आणि स्टूल आणून मागच्या कोपऱ्यात ठेवलं. ‘इथे बसा.’

बसायला तयार नव्हते. ‘ही तिची जागा आहे.’

‘एक मिनिट बसा हो.’

बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, डॉक्टरच्या बाहेर बसतात तसे. त्या माणसाने पहिली जाड तार ओढली आणि मी बाबांना दचकताना बघितलं. खरंच दचकले. हात पोटावर गेला. मी म्हटलं, ‘काय! आला ना?’

त्यांनी हाताने मला गप्प केलं. रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकली. उठून अर्ध्यावर बंद करावी असं त्यांना वाटत होतं, मला दिसत होतं, दोनदा उठले आणि परत बसले. शेवटी सुई उचलल्यावर विचारलं, ‘हे आता असं झालंय? तुझ्या पट्ट्यांमुळे?’

‘पट्ट्यांमुळे थोडंसं. पण कोपऱ्यात हे आधीपासूनच असणार. भिंती थोड्याच हलल्यात?’

‘म्हणजे पहिल्यापासून.’

‘स्पीकर आणले त्या दिवसापासून. पट्ट्या नव्या होत्या तेव्हा तर याहून जोरात असेल.’

‘रोज,’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही लावत असाल तर रोज.’

बराच वेळ खुर्चीकडे बघत होते. मग म्हणाले, ‘डॉक्टर बरोबर होता.’ जेवलेही नाहीत नीट.

मला वाटलं होतं पाठ थोपटतील. एवढा शोध लावला! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मुळापर्यंत नेली, तर समोरचा माणूस असा बसलाय जसं मी घरातली बरणी फोडली.

२३ मार्च, रविवार

सकाळी उठलो तर बाबा नाहीत. टेबलावर चिठ्ठी: ‘ताईकडे जातोय. दूध तापव.’

ताईचं घर बसने चार तास. हा माणूस लग्नालासुद्धा आदल्या महिन्यात तिकीट काढतो. काल बेस मिळाला आणि आज घर सोडून गेले. बेस मिळाल्यावर कोणी घर सोडून जातं का? मला आणखी पुष्कळ दाखवायचं होतं. खुर्ची नुसती हातभर मागे घेतली तरी किती फरक पडतो, ते मी आज स्वतः करून बघितलं. फार पडतो.

दूध उतू गेलं.

२५ मार्च, मंगळवार

काल दिवसभर फोन नाही. ताईला केला तर कुजबुजत म्हणाली, ‘दोघं बाल्कनीत बसलेत. तू आता फोन करू नकोस.’

‘भांडतायत?’

‘नाही रे. बाबा बोलतायत.’

‘काय?’

‘तुझा तो टब काय प्रकार आहे? माझ्या स्वयंपाकघरातली परात नेलीये त्यांनी पाणी भरून. आई म्हणत होती, मला कशाला दाखवताय, मला ठाऊक होतं. तर बाबा म्हणाले, तुला ठाऊक होतं, हेच सांगायला आलोय.’

आज दुपारी बाबांचा फोन.

‘स्पीकरवाल्याला सांग, येऊ नकोस.’

‘सांगतो.’

‘आणि माझी खुर्ची उचल. मागच्या कोपऱ्यात ठेव.’

‘तिथे? तिथे फार होईल हो. तुम्हाला सहन नाही होणार. हातभर मागे घेतली की पुरे. मी बघितलंय.’

‘होईल सहन. मधली जागा रिकामी कर. पूर्ण. मशीन येईल तिथे.’

‘मधोमध? आणि तुमचा त्रिकोण?’

‘त्रिकोण गेला खड्ड्यात. घरात आवाज न पोचणारी तेवढी एकच जागा आहे असं तूच म्हणालास ना?’

‘खालचे सूर पोचत नाहीत. वरचे पोचतात.’

‘वरच्यांबद्दल तिची तक्रार नाही.’

मागून आईचा आवाज आला, ‘मी येते म्हटलेलं नाहीये अजून! उगाच त्याला कामाला लावू नका.’

‘म्हटलेलं नाहीये अजून,’ बाबा मला म्हणाले. तक्रार नव्हती. एखादं माप वाचून दाखवावं तसं.

मग तिकडे काहीतरी कुजबुज झाली, फोन सरकल्याचा आवाज, आणि आई आली.

‘काय रे, तिथे मधे उजेड कुठून येतो?’

‘कधी?’

‘दुपारी, मी शिवायला बसते तेव्हा.’

मी खुर्ची बाजूला ओढली आणि पांढऱ्या खुणेवर उभा राहिलो, स्पीकरकडे तोंड करून. मग लक्षात आलं, आई काही स्पीकरकडे तोंड करून बसणार नाही. पाठ केली. खिडकीतलं ऊन माझ्या हातावर पडलं होतं.

‘डावीकडून,’ मी म्हणालो.



‘डावीकडून बरा,’ आई म्हणाली.